पहिली अडतीस सेकंदे

ग्रंथालयातील ग्रंथसूची वाचकांना स्वतः चाळता यावी, म्हणून आम्ही दोघा-तिघा स्वयंसेवकांनी तळहाताएवढ्या एका संगणक-बोर्डाला सात इंची स्पर्शपडदा जोडून तो लाकडी खोक्यात बसवला होता. यंत्र उत्तम चालत होते. अडचण होती ती फक्त ते सुरू होतानाची. सकाळी कळ दाबली की आधी बोर्ड बनवणाऱ्याचे चिन्ह, मग काळोख, मग ओळीने बसलेले चार पेंग्विन आणि त्यांच्याखाली भराभर वर सरकणाऱ्या पांढऱ्या ओळी, असे सगळे होऊन सूचीचे पान उमटेपर्यंत अडतीस सेकंदे जात. तेवढ्यात समोर उभा असलेला वाचक हमखास विचारी, ‘हे बिघडले आहे का?’ एकाने तर सद्भावनेने वायरच उपटून ठेवली होती. त्या अडतीस सेकंदांत पडद्यावर ग्रंथालयाचे बोधचिन्ह स्थिर दिसावे, एवढेच मला करायचे होते. मी सूचीची पाने लिहिली होती, पण त्यांच्याखालच्या थरांना तोवर कधी हात लावला नव्हता. हे काम एका संध्याकाळचे असेल अशी माझी समजूत होती. त्याला सहा आठवडे लागले.

४ जानेवारीला मी पहिली गोष्ट केली ती म्हणजे यंत्र सुरू होतानाचे मोबाइलवर चित्रण. आता मागे वळून पाहताना एवढीच एक गोष्ट मी पहिल्याच फटक्यात बरोबर केली असे वाटते. चित्रण संथ गतीने पाहत मी वहीत सेकंद टिपले: पहिली दोन सेकंदे पडदा कोरा, मग पाचव्यापर्यंत उत्पादकाचे चिन्ह, मग सातव्यापर्यंत अंधार, सातव्याला पेंग्विन, त्यानंतर विसाव्यापर्यंत ओळींची धावपळ, आणि पुढे डावीकडे वर एकटीच उघडझाप करणारी छोटी रेघ. या टिपणावरून लक्षात आले की ‘सुरुवातीचे चित्र’ असे एक चित्र नसतेच. पडदा हातोहात फिरत असतो. आधी तो बूटलोडरकडे, म्हणजे वीज येताच सर्वांत आधी चालणाऱ्या छोट्या प्रोग्रामकडे असतो, मग कर्नलकडे, म्हणजे लिनक्स या कार्यप्रणालीच्या मूळ भागाकडे, मग निरनिराळ्या सेवा सुरू करणाऱ्या प्रोग्रामकडे, आणि शेवटी आपल्या सूचीकडे. यांपैकी प्रत्येकाचे चित्र वेगळ्या ठिकाणी, वेगळ्या स्वरूपात आणि वेगळ्या अटींवर ठेवलेले असते. कोणत्या सेकंदाला पडदा कोणाच्या ताब्यात आहे हे कळल्याशिवाय चित्र बदलायला बसणाऱ्याची दिवसभर भलत्याच दारावर थाप मारण्याची वेळ येते. टिपण हाताशी असूनही माझी दोनदा आली.

बोधचिन्ह ग्रंथालयाचे असल्यामुळे ते वापरण्याची परवानगी लागणार होती. ६ जानेवारीला कार्यवाहांना एक पानी पत्र दिले. त्यांनी ते कार्यकारिणीच्या सभेपुढे ठेवले आणि १७ तारखेला ठरावाची प्रत हाती आली. तिच्यात तीन अटी होत्या: चिन्हाच्या रंगांत बदल करू नये, चिन्हाशेजारी अन्य मजकूर घालू नये, आणि यंत्र वाचकांसमोर ठेवण्यापूर्वी नमुना दाखवून लेखी मान्यता घ्यावी. पहिली अट वाचून मी निश्चिंत होते, कारण तोवर मला दोनशे चोवीस हा आकडा माहीत नव्हता.

परवानगीची वाट पाहण्याच्या अकरा दिवसांत दोन तयारीची कामे उरकली. यंत्रातील सोळा जीबीच्या मेमरी कार्डाची जशीच्या तशी प्रत काढून ठेवली आणि ती दुसऱ्या कार्डावर लिहून यंत्र त्यावर खरोखर सुरू होते की नाही, हेही पाहिले. न तपासलेली प्रत म्हणजे नुसता मनाचा दिलासा. दुसरे काम सिरीयल केबलचे. पडद्यावर काही दिसत नाही तेव्हा बोर्ड काय म्हणतो आहे हे ऐकण्याचा मार्ग तोच आहे. केबल ३.३ व्होल्टची आहे ना हे आधी बघावे, कारण पाच व्होल्टच्या केबलने बोर्डाची ती टोके कायमची जळू शकतात. जोडायच्या वायरी तीनच: जमिनीची, पाठवण्याची आणि घेण्याची. लाल वायर तशीच मोकळी सोडावी, कारण बोर्डाला वीज त्याच्या स्वतःच्या मार्गाने मिळत असते. वेग १,१५,२०० ठेवला आणि समोर काहीच उमटेना. अर्ध्या तासाने चूक कळली. केबलचे पाठवणारे टोक बोर्डाच्या घेणाऱ्या टोकाला जोडायचे असते आणि मी सारख्या नावाची टोके एकमेकांना जोडली होती. अदलाबदल करताच अक्षरे धावू लागली. संपूर्ण कामात पैशांचा खर्च झाला तो या केबलवर आणि दोन जादा कार्डांवर. बाकी सगळा वेळाचा. वहीतल्या नोंदींची बेरीज एकतीस तास भरते.

१८ जानेवारीला कर्नलपासून सुरुवात केली, कारण पेंग्विन तिथे राहतात. लॅरी ईविंग यांनी १९९६ मध्ये काढलेला हा टक्स कर्नलच्या मूळ संहितेत एका लहानशा चित्रफाइलच्या रूपात ठेवलेला असतो. ऐंशी पिक्सेल रुंद, ऐंशी पिक्सेल उंच. ही फाइल कर्नल कंपाइल होताना, म्हणजे संहितेपासून चालवण्याजोगा प्रोग्राम बनताना, त्याच्या पोटात विरघळते, त्यामुळे कार्डावर चित्राची फाइल शोधत बसणे व्यर्थ असते. चित्र बदलायचे तर कर्नल पुन्हा कंपाइल करावा लागतो. तो बदलणे हा काही अधर्म नव्हे, एवढे मी मनाला बजावले. २००९ मध्ये कर्नलच्या २.६.२९ या आवृत्तीपुरती टक्सची जागा टझ नावाच्या टास्मानियन डेव्हिलने घेतली होतीच.

फाइलचे स्वरूप पीपीएम, तेही आतले आकडे साध्या अक्षरांत लिहिलेले. फाइल साध्या संपादकात उघडली की पहिल्या ओळीत ‘पी३’ दिसले पाहिजे; ‘पी६’ दिसले तर ती द्विमान रूपातील आहे आणि कंपाइल करताना सरळ नाकारली जाते. आणि चित्रात जास्तीत जास्त दोनशे चोवीस रंग चालतात. दोनशे छप्पन्न जागांच्या रंगपेटीतील पहिल्या बत्तीस जागा सोडून उरलेल्या चित्राला मिळतात, म्हणून हा असा अडनिडा आकडा. माझ्याकडे बोधचिन्ह होते ते जुन्या छापील कागदावरून स्कॅन केलेले. डोळ्यांना त्यात पाच रंग दिसत, पण कागदाचे तंतू, शाईची उतरण आणि कडांची धूसरता धरून मोजणीत ते एकसष्ट हजारांवर गेले. रंग आपोआप कमी करणारे साधन नेटपीबीएम या संचात आहे, ते चालवले. तेव्हा दिव्याच्या ज्योतीतील पिवळा मळकट झाला आणि तिच्याभोवती पट्टे उमटले. इथे ठरावातील पहिली अट आठवली.

मग स्कॅनचा नाद सोडून चिन्ह रेषांच्या साहाय्याने नव्याने आखले, पाच सपाट रंगांत, आणि त्या रंगांचे आकडे ग्रंथालयाच्या छापील पत्रशीर्षाशी ताडून कार्यवाहांकडून सही करून घेतले. या सहीसाठी आणखी चार दिवस गेले, पण पुढचे वाद टळले. कडा मऊ करताना पाच रंगांच्या दरम्यानच्या छटा तयार होतातच. तरीही ३२० पिक्सेल लांबी-रुंदीच्या अंतिम चित्रात एकूण रंग एकशे ऐंशीच्या आतच राहिले आणि काहीही गाळावे लागले नाही. असे चिन्ह कोणाला बसवायचे असेल तर स्कॅन साफ करण्यात रात्री घालवू नयेत. पुन्हा आखणे लवकर होते.

कंपाइल करण्यासाठी बोर्डाच्या उत्पादकाने दिलेली त्याच आवृत्तीची संहिता घेतली. कोणते पर्याय चालू ठेवायचे ही यादी चालत्या यंत्रातूनच मिळाली, कारण त्या कर्नलमध्ये स्वतःची मांडणी सांगण्याची सोय चालू ठेवलेली होती. जुन्या लॅपटॉपवर पहिल्या खेपेला एक तास चाळीस मिनिटे लागली. नवा कर्नल कार्डावर ठेवला, कळ दाबली, आणि सातव्या सेकंदाला पडद्यावर बोधचिन्ह आले. ते डाव्या कोपऱ्यात होते, एका शेजारी एक अशा दोन प्रती होत्या, आणि सूची उघडल्यावर स्पर्श अजिबात चालत नव्हता. तरीही मी खुर्चीवरून उठून घरातल्या सर्वांना बोलावून आणले.

दोन प्रतींचे कारण गमतीचे आहे. प्रोसेसरचे जितके गाभे तितकी चिन्हे कर्नल ओळीने काढतो. म्हणूनच पेंग्विन चार होते, आणि आठशे पिक्सेल रुंदीत माझी ३२० पिक्सेलची चार चित्रे मावणे शक्यच नव्हते, पूर्ण मावली ती दोनच. कर्नलला सुरू होताना जी आज्ञांची ओळ दिली जाते, तिच्यात ‘एफबीकॉन’ या नावाखाली ‘लोगो-काउंट’ एक आणि ‘लोगो-पॉस’ सेंटर असे दोन पर्याय दिले की एकच चिन्ह मध्यभागी येते. स्पर्श बंद पडण्याचे कारण मात्र शोधायला दोन संध्याकाळी लागल्या. संहितेच्या गिटमधील (बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनातील) प्रतीत मी बदल केला होता, त्यामुळे कंपाइल होताना आवृत्तीच्या नावाच्या शेवटी आपोआप एक अधिकचे (+) चिन्ह जोडले गेले होते. नाव बदलल्यामुळे नव्या कर्नलला आपली मॉड्यूले, म्हणजे गरजेप्रमाणे जोडले जाणारे सुटे भाग, वेगळ्याच नावाच्या फोल्डरमध्ये हवी होती, ती तिथे नव्हती, आणि स्पर्शपडद्याचे मॉड्यूल त्यांतलेच एक होते. कंपाइल करण्याच्या आज्ञेत ‘लोकलव्हर्जन’ हे चल मुद्दाम रिकामे ठेवून दिले तेव्हा ते चिन्ह गेले. एवढ्याशा चिन्हापायी मी पडद्याची पट्टीकेबल तीनदा काढून बसवली होती.

यानंतरची चूक पूर्णपणे माझी. चिन्हाखाली ओळी धावू नयेत म्हणून आज्ञांच्या ओळीत मी ‘क्वाएट’ हा शब्द घातला. ओळी थांबल्या आणि चिन्हही गेले. चित्राची फाइल बिघडली असे गृहीत धरून मी ती तीन वेळा नव्याने केली, दोन वेळा कर्नल कंपाइल केला. शेवटी संहितेतच सापडले की संदेशांची पातळी ‘क्वाएट’इतकी किंवा त्याहून खाली असेल तर कर्नल चिन्ह दाखवतच नाही, शांत राहायला सांगितले म्हणजे चित्रही नको, असा त्याने अर्थ घेतला होता. उपाय असा केला की ‘क्वाएट’ काढून टाकला आणि संदेशांचा रोख पडद्याकडून सिरीयल केबलकडे वळवला. संदेश येत राहतात, फक्त वाचकांना दिसत नाहीत, आणि दुरुस्तीच्या वेळी केबल लावली की सगळे वाचता येते. उघडझाप करणारी रेघ बंद करण्यासाठी त्याच ओळीत ‘व्हीटी ग्लोबल कर्सर डिफॉल्ट’ शून्य केले.

२ फेब्रुवारीला बूटलोडरकडे वळले. आमच्या बोर्डावर यू-बूट नावाचा बूटलोडर आहे. त्याचे चित्र बीएमपी स्वरूपात कार्डाच्या पहिल्या विभागात ठेवलेले असते, आणि ते मेमरीत कोणत्या पत्त्यावर आणायचे हे ‘स्प्लॅशइमेज’ नावाच्या चलात लिहिलेले असते. बीएमपी करताना रंगावकाशाची माहिती न लिहिण्याचा पर्याय मी निवडला, म्हणजे फाइलचा मथळा साधा चोपन्न बाइटांचा राहतो. ८०० गुणिले ४८० पिक्सेल, प्रत्येकी तीन बाइट, अधिक चोपन्न, अशी फाइल बरोबर ११,५२,०५४ बाइटांची भरली पाहिजे. आकडा वेगळा आला तर काहीतरी वेगळे निर्यात झाले आहे असे समजावे.

मूळ चिन्ह आकाराने लहान होते. माझे पूर्ण पडद्याचे चित्र त्याच पत्त्यावर ठेवले तर शेजारच्या कशावर तरी सांडेल, या भीतीने मी एक नवा, शेवटी शून्येच शून्ये असलेला नीटनेटका पत्ता निवडला, चल जपून ठेवले आणि यंत्र पुन्हा सुरू केले. पडदा काळाच राहिला. केबलवर ‘डेटा अबॉर्ट’ असे शब्द, त्याखाली आकड्यांच्या काही ओळी, मग प्रोसेसर पुन्हा सुरू होत असल्याची सूचना, आणि पुन्हा तेच. दर तीन सेकंदांनी. चित्र दाखवण्याची पायरी आज्ञा घेण्याच्या पायरीच्या आधी येत असल्याने मला मध्ये थांबवताही येईना. पोटात गोळा आला. ती वेळ निभावली तपासून ठेवलेल्या प्रतीने. कार्ड पुन्हा लिहायला बावीस मिनिटे लागली.

दोष त्या नीटनेटक्या पत्त्याचाच होता. बीएमपी फाइलचे पहिले दोन बाइट म्हणजे ‘बी’ आणि ‘एम’ ही दोन अक्षरे, आणि त्यांच्या लगेच पुढे फाइलचा आकार सांगणारा चार बाइटांचा आकडा. फाइल चाराने भाग जाणाऱ्या पत्त्यावर ठेवली तर हा आकडा दोन घरे पुढे, म्हणजे चाराने भाग न जाणाऱ्या पत्त्यावर सुरू होतो, आणि असा अर्धवट ठिकाणचा आकडा एका दमात वाचायला काही प्रोसेसर साफ नकार देतात. त्यामुळे पत्ता मुद्दाम दोनाने पुढे सरकवून द्यायचा. मग ती दोन अक्षरे बेवारस जागी पडतात, पण त्यांच्यापुढचे आकार, रुंदी, उंची हे सगळे आकडे चारांच्या पटीत नीट बसतात. यू-बूटच्या सोबतच्या कागदपत्रांत हे लिहिलेले आहे. मी ते नंतर वाचले. उत्पादकाने दिलेल्या मूळ पत्त्याच्या शेवटीही दोन होता, आणि मला तो गबाळेपणा वाटला होता.

दुसऱ्या खेपेला शहाणपणाने वागले. यू-बूटच्या आज्ञा-ओळीवर हातानेच फाइल मेमरीत आणली, ‘बीएमपी डिस्प्ले’ म्हणून दाखवायला सांगितली, आणि ती दिसल्यावरच चल जपून ठेवले. हाताने दिलेल्या आज्ञेने फार तर एकदा यंत्र पुन्हा सुरू होते. जपून ठेवलेली चूक दर वेळी पुन्हा घडते.

यानंतर दोन जागा उरल्या. एक म्हणजे यू-बूटकडून कर्नलकडे पडदा जातानाचा अंधार. कर्नल पडद्याची व्यवस्था पहिल्यापासून लावतो, म्हणून तो येतो. बूटलोडरचे चित्र तसेच पुढे हाती देण्याची सोय असते, पण आमच्या बोर्डाच्या ड्रायव्हरशी तिचे जुळले नाही आणि दोन संध्याकाळींनंतर मी तो प्रयत्न सोडला. दोन्ही चित्रांची पार्श्वभूमी काळी ठेवली, चिन्ह दोन्हींत एकाच जागी, एकाच आकाराचे ठेवले. आता मध्ये सव्वा सेकंद चिन्ह विझून पुन्हा उजळते. दुसरी जागा विसाव्या सेकंदानंतरची. तिथे पडद्यावर लॉगिन मागणारी सेवा चिन्ह पुसून टाकत होती. ती पहिल्या आभासी पडद्यापुरती बंद केली. सेवांच्या टप्प्यासाठी प्लिमथसारखा वेगळा प्रोग्राम बसवण्याचा सल्ला मला मिळाला होता, पण कर्नलने काढलेले चिन्ह कोणी पुसलेच नाही तर ते सूची उघडेपर्यंत तसेच राहते, म्हणून तो बसवला नाही.

१२ फेब्रुवारीला नमुना दाखवला, १५ तारखेला लेखी मान्यता मिळाली आणि १६ तारखेला यंत्र खोक्यात परत गेले. कार्यवाहांनी कळ दाबली, पूर्ण वेळ शांतपणे पाहिले आणि म्हणाले, ‘चांगले झाले आहे, फक्त चिन्ह जरा खाली वाटते.’ त्यांची नजर अचूक होती. खोक्याची लाकडी चौकट पडद्याचे तळाचे चाळीस पिक्सेल झाकते. सूचीच्या पानावर तिथे काही नसल्यामुळे हे कोणाच्या लक्षातच आले नव्हते. बीएमपीमध्ये चिन्ह वीस पिक्सेल वर घेणे सोपे होते. कर्नल मात्र चित्र नेहमी मध्यभागीच ठेवतो, म्हणून त्या चित्राला खालून चाळीस पिक्सेलांची काळी पट्टी जोडली. मधोमध ठेवताना चिन्ह आपोआप वीस पिक्सेल वर गेले. काळा रंग चित्रात आधीच होता, त्यामुळे रंगांची संख्याही वाढली नाही.

२३ मार्चला सकाळी कार्यवाहांचा निरोप आला की पेंग्विन परत आले आहेत. आदल्या रात्री यंत्राने स्वतःहून अद्ययावत होताना नवा कर्नल आणून माझ्या कर्नलवर ठेवला होता. आता कर्नलचे ते पॅकेज रोखून धरले आहे. त्यामुळे सुरक्षेच्या दुरुस्त्याही अडतात. म्हणून दर तीन महिन्यांनी मी नवी संहिता घेऊन तेच चित्र पुन्हा कंपाइल करते. कर्नलचा परवाना म्हणजे जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याची दुसरी आवृत्ती आहे आणि बदललेला कर्नल मी यंत्रासोबत ग्रंथालयाच्या हवाली केला आहे, तेव्हा त्याची संहिता त्यांना देणे मला बंधनकारक आहे. ती, पर्यायांची यादी, दोन्ही चित्रे आणि ठरावाची प्रत असे सगळे एका कार्डासह पाकिटात घालून खोक्याच्या आतल्या बाजूला चिकटवले आहे. पाकिटावर मोठ्या अक्षरांत पत्ता लिहिला आहे. तो पोस्टाचा नसून मेमरीतला आहे, आणि त्याच्या शेवटच्या दोनाखाली दोन रेघा मारल्या आहेत.